वादळाचा इशारा वाजण्याआधी घरात काय काय ठरवून ठेवावं

आपत्तीच्या तयारीवरचे बहुतेक लेख सामानाच्या यादीने सुरू होतात: टॉर्च, बॅटऱ्या, पाणी, औषधं. यादी या लेखातही आहे, पण बरीच खाली. कारण सामान घरात असूनही माणसं अडकतात. इशारा येतो, पण तो आल्यावर कुणी काय करायचं हे घरात कधी बोललंच गेलेलं नसतं.

22 मे 2011 रोजी अमेरिकेतल्या जॉप्लिन शहरावर टॉर्नेडो आला आणि 150 हून अधिक माणसं गेली. धोक्याचा पहिला भोंगा त्याआधी वीसेक मिनिटं वाजला होता. नंतरच्या सरकारी पाहणीत दिसलं, की बहुसंख्य लोक त्या भोंग्याने लगेच आडोशाला गेले नाहीत. आणखी कुठून तरी खात्री होईपर्यंत ते थांबले: टीव्ही लावला, ओळखीच्यांना विचारलं, बाहेर येऊन आभाळ पाहिलं. यात त्यांना नावं ठेवण्यासारखं काही नाही. एकाने सांगितलेलं दुसऱ्याकडून कळल्याशिवाय आपण कुणीच चटकन हलत नाही. म्हणून पडताळणी करूच नका, असा सल्ला मी देणार नाही. तो कुणी पाळत नाही. पडताळणी कुठे करायची आणि तिला किती मिनिटं द्यायची, एवढं आधी ठरवून ठेवा.

आधी धोका ओळखा, मग हाताशी किती वेळ असेल ते पाहा

सगळे इशारे सारखा वेळ देत नाहीत. चक्रीवादळाची चाहूल दोन-तीन दिवस आधी लागते. उष्णतेच्या किंवा थंडीच्या लाटेचंही तसंच. मोठ्या नदीचा पूर वरच्या बाजूने खाली येतो, त्यामुळे काही तास, कधी एखाददुसरा दिवस मिळतो. ढगफुटीसारख्या पावसाने ओढ्या-नाल्याला येणारा लोंढा मात्र अर्ध्या तासातही दारात येऊ शकतो. विजांच्या वादळाचा, गारपिटीचा ताजा अंदाज साधारण दोन-तीन तासांपुरता असतो आणि टॉर्नेडोच्या इशाऱ्यानंतर दहाएक मिनिटं मिळाली तरी बरीच म्हणायची.

आता आपल्या घराकडे बघा. सखल भागात आहे का? जवळ नाला, नदी, धरणाखालचा पट्टा, समुद्रकिनारा आहे का? मागे उतार आणि मोकळी माती आहे का? छप्पर पत्र्याचं आहे की स्लॅबचं? विजेचं मीटर आणि मेन स्विच जमिनीपासून किती उंचीवर आहेत? जुन्या रहिवाशांना विचारा, पाणी कुठवर आलं होतं. त्यांची माहिती मोलाची असते, पण जुनी खूण ही कमाल मर्यादा नव्हे. वरच्या बाजूला बांधकामं वाढली, नाला अरुंद झाला, की तेवढ्याच पावसाचं पाणी आणखी वर चढतं.

या पाहणीतून तुमच्या घराला खरोखर लागू असलेले दोन किंवा तीन धोके उरतील. तयारी त्यांचीच करा.

‘जर… तर…’ असं लिहून काढा

इशारा वाचताना चार गोष्टी शोधायच्या: धोका कशाचा, नेमका कोणत्या भागाला, किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत, आणि काय करायला सांगितलंय. अनेक देशांत पिवळा, नारिंगी, लाल अशी रंगांची चढण वापरतात. काही ठिकाणी दोन पायऱ्या असतात: आधी ‘परिस्थिती तयार होते आहे, लक्ष ठेवा’, नंतर ‘धोका आला आहे, आता हालचाल करा’. आपल्या भागात कोणती पद्धत आहे ती एकदा हवामान खात्याच्या संकेतस्थळावर वाचून ठेवा. लाल रंगाची वाट पाहत बसू नका. लहान मूल, अंथरुणाला खिळलेलं माणूस किंवा सखल भागातलं घर असेल, तर तुमच्यासाठी नारिंगी हाच लाल समजा.

चक्रीवादळाच्या नकाशावरचा फुगत जाणारा पट्टाही असाच चुकीचा वाचला जातो. तो पट्टा म्हणजे वादळाचं केंद्र कुठून कुठे जाऊ शकतं याचा अंदाज. वारा, पाऊस आणि समुद्राचं चढणारं पाणी त्या पट्ट्याच्या बाहेरही दूरवर पोचतं. ‘आपलं गाव पट्ट्यात नाही’ म्हणून निर्धास्त होण्यात अर्थ नाही.

मग कागद घ्या आणि साधी वाक्यं लिहा. जर पुराचा नारिंगी इशारा आला, तर गाडी उंचावर लावायची, आजींना वरच्या मजल्यावर हलवायचं, कागदपत्रांची पिशवी दाराशी ठेवायची. जर ‘घर सोडा’ अशी सूचना आली, तर दहा मिनिटांत निघायचं. गॅस कोण बंद करणार, मुलांना कोण घेणार, कुत्र्याचा पट्टा कुणाकडे, हे नावानिशी लिहायचं. जर फोन बंद पडले आणि सगळे वेगवेगळ्या ठिकाणी असले, तर भेटायचं कुठे? दोन जागा ठरवा: एक घराजवळची, एक परिसराबाहेरची. शाळेतून मुलांना आणायला कोण जाणार, आणि शाळा ‘मुलं इथेच सुरक्षित आहेत’ म्हणाली तर कुणीच जायचं नाही, हेही ठरवा. पुराच्या पाण्यातून मुलांना आणायला धावणारे पालक हा दर वेळी काळजीचा विषय असतो.

पडताळणीचा नियमही याच कागदावर लिहा: इशारा आला की हवामान खात्याचं किंवा आपत्ती व्यवस्थापनाचं अधिकृत पान बघायचं, नाहीतर रेडिओ लावायचा. वेळ दोन मिनिटं. त्यात काहीच कळलं नाही, तर इशारा खरा धरून चालायचं. कागद फ्रिजच्या दारावर लावा. एकदा घड्याळ लावून घराबाहेर पडण्याची तालीमही करा. चपला, चष्मा आणि किल्ल्या शोधण्यात किती वेळ जातो ते तेव्हाच कळतं.

फोनवर इशारा येतो कसा, आणि का येत नाही

हा भाग सावकाश वाचा, कारण नुसतं ‘फोन आहे ना’ म्हणून भागत नाही.

फोनवर येणारे इशारे मुख्यतः तीन प्रकारचे. पहिला ‘सेल ब्रॉडकास्ट’. यात ठराविक भागातले मोबाइल टॉवर एकच संदेश एकदम सगळ्या फोनांना ऐकवतात, आकाशवाणीसारखा. त्यासाठी तुमचा नंबर कुणाकडे नोंदवलेला लागत नाही, इंटरनेट लागत नाही आणि नेटवर्कवर गर्दी झाली तरी तो अडत नाही. संदेश काही वेळ पुन्हापुन्हा प्रसारित होत राहतो, त्यामुळे नंतर त्या भागात शिरणाऱ्या फोनलाही मिळतो. फोन विमान मोडमध्ये असेल, बंद असेल किंवा टॉवरच कोसळला असेल, तर मात्र तो येणार नाही. दुसरा प्रकार नेहमीचा एसएमएस. हा एकेका नंबरला जातो, म्हणून गर्दीत उशीर होऊ शकतो. तिसरा प्रकार ॲपची सूचना. तिला इंटरनेट हवंच.

जुलै 2021 मध्ये जर्मनीतल्या आर नदीच्या खोऱ्यात पुराने 130 हून अधिक बळी घेतले, तेव्हा त्या देशात सेल ब्रॉडकास्टची सोयच नव्हती. इशाऱ्यांची ॲप्स होती, पण ती ज्यांनी घेतलेली त्यांच्यापुरती. सोय सुरू झाली 2023 मध्ये. तुमच्या देशात ती आहे का, हे आधी माहीत करून घ्या. असेल तर घरातल्या प्रत्येक फोनवर, विशेषतः वडीलधाऱ्यांच्या फोनवर, हे तपासा:

1. अँड्रॉइडवर सेटिंग्ज उघडून वरच्या शोधपट्टीत ‘इमर्जन्सी’ टाइप करा. ‘वायरलेस इमर्जन्सी अलर्ट’ किंवा तशा नावाचं पान मिळेल. कंपनीगणिक जागा बदलते, म्हणून शोधपट्टीच बरी. तिथली सगळी बटणं चालू ठेवा, चाचणी संदेशाचंसुद्धा.
2. आयफोनवर सेटिंग्जमध्ये नोटिफिकेशन्स उघडा आणि अगदी तळाशी जा. सरकारी इशाऱ्यांची बटणं तिथे असतात.
3. फोनची सिस्टीम अद्ययावत करा. फार जुन्या फोनवर हे इशारे अर्धवट दिसतात किंवा येतच नाहीत.
4. ‘डू नॉट डिस्टर्ब’ आणि रात्रीचं सायलेंट कसं वागतं ते बघा. सर्वांत वरच्या पातळीचा इशारा बहुतेक फोनांवर सायलेंट असतानाही वाजतो. खालच्या पातळीचा वाजेलच असं नाही.

चाचणीचा कर्कश आवाज एकदा दचकवतो आणि लोक वैतागून बटणच बंद करून टाकतात. तसं करू नका. तो आवाज तसा असतो तो झोपलेल्या माणसाला उठवण्यासाठीच.

ॲप घेतलं तर हवामान खात्याचं किंवा आपत्ती व्यवस्थापन यंत्रणेचं अधिकृतच घ्या. त्याला स्थानाची परवानगी ‘नेहमी’ अशी द्या, नाहीतर तुम्ही प्रवासात असताना ते जुन्याच गावाचे इशारे देत राहील. अँड्रॉइडवर बॅटरी वाचवण्याची सोय अशी ॲप्स गुपचूप झोपवून टाकते; त्या ॲपपुरती ती बंद करा. गावाकडे राहणाऱ्या आईवडिलांचं ठिकाणही त्यात जोडता येतं. त्यांना इशारा मिळाला का, हे तुम्हाला दुरून फोन करून विचारता येईल.

आता इशारे चुकण्याबद्दल. 13 जानेवारी 2018 रोजी हवाई बेटांवर क्षेपणास्त्र येत असल्याचा खोटा इशारा फोनवर गेला आणि दुरुस्तीचा संदेश यायला 38 मिनिटं लागली. उलट, 29 ऑक्टोबर 2024 रोजी स्पेनच्या व्हॅलेन्सिया प्रांतात हवामान खात्याने सकाळीच लाल इशारा दिला होता. फोन वाजवणारा संदेश मात्र रात्री आठनंतर गेला, तोवर अनेक गावांत पाणी शिरलेलं होतं. तिथल्या बळींची संख्या 220 च्या वर गेली. माझ्या मते या दोन्हींत दुसरी घटना जास्त लक्षात ठेवावी. खोट्या इशाऱ्याने एक सकाळ वाया जाते. उशिराच्या इशाऱ्याने जीव जातो. त्यामुळे फोन वाजला नाही म्हणजे धोका नाही, असा अर्थ काढू नका. नाल्याचं पाणी एकाएकी गढूळ झालं, वरच्या बाजूने घरघर ऐकू आली, डोंगरउतारावर नवी भेग पडली, झाडं-खांब कलले, तर इशाऱ्यासाठी न थांबता निघा.

व्हॉट्सॲपवर फिरणारे नकाशे आणि आवाजी संदेश याच्या दुसऱ्या टोकाला. तारीख नाही, देणाऱ्या यंत्रणेचं नाव नाही, ‘सर्वांना पाठवा’ असं लिहिलंय, असं दिसलं तर पुढे ढकलू नका.

फोनला जोडीदार हवा, आणि तो म्हणजे बॅटरीवर चालणारा रेडिओ. टॉवर पडले तरी दूरच्या केंद्रावरून बातमी येत राहते. गाडीतला रेडिओही चालतो; फक्त बंद गॅरेजमध्ये इंजिन सुरू करून ऐकत बसू नका.

यंत्रांशिवायचा मार्ग म्हणजे माणसं. 1970 च्या भोला चक्रीवादळात आजच्या बांगलादेशात किमान तीन लाख माणसं गेली असा अंदाज आहे. 1972 पासून तिथे स्वयंसेवकांची फळी उभी राहिली, जी सायकलवरून, भोंगे घेऊन, दारोदार जाऊन इशारा सांगते. नंतरच्या मोठ्या वादळांत बळी कितीतरी कमी झाले त्यात निवारा केंद्रांइतकाच या फळीचा वाटा आहे. तुमच्या मजल्यावर कुणाला ऐकू येत नाही, कोण एकटं राहतं, कुणाला भाषा कळत नाही? त्यांच्या दारावर थाप कोण मारणार, हे नावासह ठरवा.

सामान: कमी, पण चालणारं

पाण्याचा हिशेब माणशी रोज सुमारे चार लिटर, पिण्याचं आणि अगदी जुजबी वापराचं धरून, किमान तीन दिवस. जागा असेल तर दोन आठवड्यांचं ठेवा. वादळाआधी बादल्या, पिंप भरून घ्या, ते पाणी शौचालयाला होईल. साठा संपला तर पाणी खळखळून उकळायला लागल्यावर एक मिनिट तसंच ठेवा, 2000 मीटरहून उंचावर तीन मिनिटं. उकळल्याने जंतू मरतात. पुराच्या पाण्यातलं डिझेल, कीटकनाशक किंवा कारखान्याची रसायनं जात नाहीत. तसा संशय असेल तर ते पाणी पिऊच नका.

खाणं असं, जे शिजवावं लागत नाही आणि घरात एरवीही खाल्लं जातं. ‘आपत्तीसाठी खास’ म्हणून आणलेलं खाणं कपाटात मुदत संपून पडतं. डबा उघडायचं साधन विसरू नका.

नेहमीची औषधं किमान आठवडाभराची जादा, प्रिस्क्रिप्शनच्या फोटोसह. बहुतेक प्रकारचं इन्सुलिन फ्रिजबाहेर, 30 अंशांच्या आत, सुमारे 28 दिवस टिकतं. तुमच्या प्रकाराचं काय, हे डॉक्टरांना आत्ताच विचारा. घरी ऑक्सिजन यंत्र किंवा डायलिसिस असेल, तर वीज गेल्यावर कुठे जायचं हा प्रश्न सगळ्यांत आधी सोडवा. तिथे पॉवर बँक कामाची नाही.

बाकीचं भराभर सांगतो: डोक्याला लावायचा टॉर्च (दोन्ही हात मोकळे राहतात), मेणबत्ती शक्यतो नको, चार्ज केलेली पॉवर बँक, शिट्टी, जाड तळाचे बूट, प्रथमोपचार पेटी, सुटे पैसे, कारण वीज गेली की कार्ड आणि क्यूआर कोड दोन्ही बंद, चष्म्याची जादा जोडी, सॅनिटरी पॅड, लंगोट, पाळीव प्राण्याचं खाणं. ओळखपत्रं, विमा, घराची कागदपत्रं जलरोधक पिशवीत. त्यांचे फोटो ऑनलाइन साठवणीतही ठेवा आणि फोनमध्येही, कारण ऑनलाइन प्रत नेमक्या वेळी उघडत नाही. परिसराचा नकाशा फोनमध्ये ऑफलाइन उतरवून घ्या. महत्त्वाचे चार नंबर कागदावर लिहा.

शेवटचे 24 तास

फोन, दिवे, पॉवर बँक पूर्ण चार्ज करा. गच्चीवरच्या कुंड्या, पत्रे, खुर्च्या आत घ्या. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा दाब चौपट होतो, आणि मग कुंडीसुद्धा काच फोडायला पुरते. खिडक्यांवर चिकटपट्टीची फुली मारण्याची सवय सोडा. काच त्याने मजबूत होत नाही, उलट मोठे, धोकादायक तुकडे पडतात. झडपा किंवा प्लायवूड लावता आलं तर उत्तम, नाहीतर त्या खोलीत थांबू नका. ‘दाब सारखा राहावा म्हणून खिडकी उघडी ठेवा’ हेही चूक आहे. वारा आत शिरला की छपराला खालून उचलतो.

गच्चीतलं आणि अंगणातलं पाणी वाहून नेणारी भोकं साफ करा. फ्रिज सर्वांत थंड करून ठेवा. दार न उघडल्यास त्यातलं अन्न साधारण चार तास, गच्च भरलेल्या फ्रीजरमधलं 48 तास आणि अर्ध्या भरलेल्यातलं 24 तास चांगलं राहतं. बाहेर पडायची सूचना आली तर गॅसचा कॉक आणि विजेचा मेन बंद करा; मेनपर्यंत जाताना पायाखाली पाणी असेल, तर त्याला हात लावू नका.

अंगावर आल्यावर

वीज: चमक दिसल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत सेकंद मोजा. तीन सेकंदांना एक किलोमीटर. 30 सेकंदांहून कमी असेल, तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे. पक्क्या इमारतीत किंवा टपाच्या बंद गाडीत जा. खरं तर मेघगर्जना ऐकू आली म्हणजे तुम्ही टप्प्यात आहात. शेवटच्या गडगडाटानंतर 30 मिनिटं बाहेर पडू नका. घरात नळ, शॉवर आणि वायरने जोडलेली उपकरणं टाळा. झाडाखाली, उघड्या शेडमध्ये थांबू नका.

पाणी: 15 सेंटिमीटर वाहतं पाणी मोठ्या माणसाचे पाय उचलतं. 30 सेंटिमीटर पाणी लहान गाडी तरंगवू शकतं आणि 60 सेंटिमीटर बहुतेक गाड्या वाहून नेतं, उंच एसयूव्हीसुद्धा. पाण्याखाली रस्ता शिल्लक आहे की नाही, हे वरून दिसत नाही. गाडी बंद पडली आणि पाणी चढू लागलं तर खिडकी खाली करून लगेच बाहेर पडा. दार नंतर पाण्याच्या दाबाने उघडणार नाही.

वारा: सर्वांत खालच्या मजल्यावरची, खिडकी नसलेली, घराच्या मधली खोली. पुराचाही धोका असेल तर हा नियम उलटतो आणि वर जावं लागतं, पण बाहेर पडायला वाट नसलेल्या माळ्यावर चढून अडकू नका. चक्रीवादळाचं केंद्र डोक्यावर आलं की वारा एकदम पडतो. तो संपलेला नसतो. थोड्या वेळाने उलट्या दिशेने सुरू होतो, आणि मधल्या शांततेत बाहेर पडलेली माणसं त्यात सापडतात.

फोन लागत नसेल तर एसएमएस करा. तो जागा मिळेल तसा जातो. दुसऱ्या शहरातल्या एकाच नातेवाइकाला सगळ्यांनी ‘सुखरूप’ कळवायचं असं ठरवा. स्थानिक कॉल अडकतात तेव्हा बाहेरगावचा लागण्याची शक्यता जास्त. अनेक देशांत, भारतासह, 112 हा आणीबाणीचा क्रमांक आहे, आणि तुमच्या कंपनीची रेंज नसली तरी उपलब्ध असलेल्या दुसऱ्या नेटवर्कवरून फोन तो लावून पाहतो.

ओसरल्यावर

वादळ गेल्यावरचे दिवस लोकांना वाटतात तितके निर्धोक नसतात. जनरेटर आणि कोळशाच्या शेगडीतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. 2020 साली लुइझियाना राज्यात आलेल्या लॉरा वादळानंतर जनरेटरच्या या वायूनेही बळी घेतले. जनरेटर घराबाहेर, दारं-खिडक्यांपासून किमान सहा मीटर दूर, धुराचं तोंड घराच्या उलट बाजूला. डोकं दुखणं, मळमळ, गुंगी एकाच वेळी दोघातिघांना जाणवली, तर आधी बाहेर मोकळ्या हवेत या.

पडलेल्या तारेपासून दूर राहा, ती निर्जीव वाटली तरी. पाणी शिरलेल्या घरात मेन सुरू करण्याआधी इलेक्ट्रिशियनकडून वायरिंग तपासून घ्या. गॅसचा वास आला तर दिव्याचं बटणही न दाबता बाहेर पडा. साफसफाईला हात लावण्यापूर्वी प्रत्येक खोलीचे, भिंतीवरच्या पाण्याच्या रेषेचे आणि खराब झालेल्या वस्तूंचे फोटो काढा. विमा आणि नुकसानभरपाईसाठी तेच लागतात. पुराच्या पाण्याचा स्पर्श झालेलं उघडं अन्न टाकून द्या. चिखल काढताना रबरी बूट-हातमोजे घाला, आणि पायावर जखम असेल तर त्या पाण्यात उतरू नका. लेप्टोस्पायरोसिसचे जंतू तिथूनच शरीरात शिरतात. नंतर ताप आला, तर डॉक्टरांना पुराच्या पाण्यात उतरलो होतो हे आवर्जून सांगा.